थुंबा ते श्रीहरिकोटा : एका अग्निबाणाची सतरा वर्षे

दिवाळीच्या दारूसामानात बाण नसला तर मुलांची दिवाळी पुरी होत नाही. रिकाम्या बाटलीत काडी उभी करायची, वातीला उदबत्ती लावायची आणि मागे पळायचे. बाण सुर्रकन वर जातो, फुटतो आणि त्याची जळकी काडी शेजारच्या कौलांवर येऊन पडते. हा बाण आपल्या मुलखाला नवा नाही. बखरींतल्या लढायांच्या वर्णनांत तोफा-जेजालांच्या बरोबरीने बाण येतात. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू सुलतानाने लोखंडी नळीत दारू ठासून केलेले बाण इंग्रज फौजेवर सोडले, आणि १७८० साली पोळिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांची चांगलीच झळ लागली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. तेथे सापडलेले बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रेव्ह या इंग्रजाने त्यांवरून धडा घेऊन नवे अग्निबाण तयार केले. ही वस्तू आपल्याकडे होती, ती परमुलखात गेली, आणि दीड शतकाहून अधिक काळाने तीच विद्या शिकायला आपल्या तरुणांना अमेरिकेला जावे लागले.

मात्र दिवाळीचा बाण आणि उपग्रह नेणारा अग्निबाण यांत नुसता लहानमोठेपणाचा फरक नाही. बाण वर जातो आणि खाली येतो. उपग्रह खाली येऊन चालत नाही. तो पृथ्वीभोवती फिरत राहायचा तर त्याला उंचीबरोबर आडवा वेग लागतो, आणि तो सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर असावा लागतो. या वेगाने कोल्हापुराहून निघालेली वस्तू पंधरा सेकंदांच्या आत बेळगावात पोचेल. वेग थोडा कमी पडला किंवा दिशा थोडी चुकली, की वर्षानुवर्षांची मेहनत समुद्रात जाते. म्हणूनच वातावरणाचा अभ्यास करणारे लहान अग्निबाण अनेक देशांनी उडवले, पण स्वतःच्या अग्निबाणाने स्वतःचा उपग्रह फिरता ठेवणारे देश अनेक वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. भारत त्यांत आला तो १८ जुलै १९८० रोजी. पहिला अग्निबाण थुंब्याहून उडाला त्याला तेव्हा सतरा वर्षे होत आली होती. या सतरा वर्षांत ‘आपला अग्निबाण’ या शब्दांतल्या ‘आपला’चा अर्थ हळूहळू कसा भरत गेला, ते पाहण्यासारखे आहे.

मासेमारांचे गाव आणि प्रार्थनामंदिर

१९६२ साली अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली अंतराळ संशोधनाची एक राष्ट्रीय समिती नेमण्यात आली. अध्यक्ष होते अहमदाबादचे डॉ. विक्रम साराभाई आणि त्यांच्या हाताशी सचिव म्हणून काम पाहत होते डॉ. एकनाथ वसंत चिटणीस. चिटणीस कोल्हापूरचे. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी ते साराभाईंच्या प्रयोगशाळेत गेले, तेथून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत संशोधन केले आणि साराभाईंच्या बोलावण्यावरून परतले. अग्निबाण उडवायचे तर जागा हवी. ती शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले.

जागा हवी होती ती चुंबकीय विषुववृत्तावर. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्यावरच्या आकाशात, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, विजेचा एक प्रवाह पूर्व-पश्चिम वाहतो. फुग्यांना तेथवर पोचता येत नाही. उपग्रह तेथे टिकत नाहीत. तिथली मोजमापे घ्यायला लहान अग्निबाणच लागतात. केरळच्या किनाऱ्यावर, त्रिवेंद्रमजवळ, थुंबा नावाचे मासेमारांचे गाव या रेषेच्या अगदी जवळ निघाले.

त्या जागेत सेंट मेरी मॅग्डलीनचे जुने चर्च होते, बिशपचे घर होते आणि भोवती कोळ्यांची वस्ती. देऊळ असो की चर्च, गावाने आपले प्रार्थनास्थळ सरकारच्या हवाली करावे ही साधी गोष्ट नव्हे. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांपुढे हा प्रश्न ठेवला आणि लोकांनी होकार दिला, असे डॉ. अब्दुल कलाम पुढे सांगत. घरे उठली, माणसे दुसरीकडे वसली. चर्चमध्ये कार्यालय आले, बिशपच्या घरात कारखाना, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा. ते चर्च पाडले गेले नाही. पुढे तेथे अंतराळ संग्रहालय झाले.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. त्याचे नाव नायकी-अपाचे. तो अमेरिकेचा होता. त्यात ठेवलेले सोडियमची वाफ सोडणारे उपकरण फ्रान्सचे होते. आपली होती ती जागा आणि माणसे. ती माणसेही बहुतेक पंचविशी-तिशीतली, काही महिन्यांपूर्वीच अमेरिकेतून प्रशिक्षण घेऊन आलेली. त्यांत रामेश्वरमचे कलाम होते, तसेच प्रमोद काळे होते. काळे जन्माने पुण्याचे, पण शाळा आणि महाविद्यालय बडोद्याचे. बडोद्याच्या वाचकांना हे नाव परके नाही. पुढे १९९४ मध्ये हेच काळे थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. त्या पहिल्या संध्याकाळी अग्निबाण उचलणाऱ्या यारीतून तेल गळू लागले आणि तो शेवटी हातांनी सावरत जागेवर बसवावा लागला. अंधारू लागलेल्या आकाशात सोडियमचा नारिंगी ढग पसरला तेव्हा केरळच्या किनाऱ्यावरील लोक तो पाहत राहिले.

त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६ मध्ये ते टिपले. अग्निबाणाचे टोक सायकलवर ठेवून दोघे जण ती चालवत नेत आहेत. दुसरे छायाचित्र बैलगाडीचे. बैलगाडीवरून अग्निबाण नेला जात असल्याचे ते चित्र आहे अशी अनेकांची समजूत आहे, पण ती खरी नाही. बैलगाडीवर आहे तो ॲपल नावाचा उपग्रह, आणि साल आहे १९८१. उपग्रहाच्या ॲन्टेनाची चाचणी घेताना आसपास धातू नको होता, म्हणून लाकडी गाडी मुद्दाम आणली होती. गरिबीची खूण म्हणून जे चित्र दाखवले जाते, ती खरे तर साध्या साधनाने काढलेली युक्ती आहे.

लाडवाचा पाक आणि अग्निबाणाचे इंधन

दुसऱ्याचा अग्निबाण उडवता येणे ही एक गोष्ट, आपला घडवणे ही दुसरी. २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्याहून पहिला रोहिणी अग्निबाण उडाला. त्याचा व्यास ७५ मिलिमीटर आणि वजन जेमतेम ३२ किलो. सुमारे दहा किलोमीटर उंचीपर्यंत तो गेला. दिवाळीच्या मोठ्या बाणापेक्षा थोडा मोठा, असे कोणी म्हटले असते तर फारसे चुकले नसते. त्याच सुमारास फ्रान्सशी करार होऊन सेंतूर नावाचा फ्रेंच अग्निबाण येथे तयार करण्याची परवानगी मिळाली, आणि इंधन तयार करण्याचा कारखानाही थुंब्यात उभा राहिला. करारातून येणारी विद्या मात्र करारात लिहिले असेल तेवढीच येते. सेंतूर कसा करायचा ते फ्रेंच सांगत. त्याहून दसपट मोठा अग्निबाण कसा करायचा ते सांगायला ते बांधील नव्हते.

याच वर्षी, १९६७ मध्ये, डॉ. वसंत गोवारीकर थुंब्याला आले. पुण्यात जन्मलेले गोवारीकर रसायन अभियांत्रिकीत बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून इंग्लंडमध्येच अग्निबाणांच्या घन इंधनावर काम करत होते. साराभाईंनी त्यांना बोलावले. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आणि त्याआधी मान्सूनच्या अंदाजाच्या पद्धतीमुळे मराठी वाचकाला त्यांचे नाव परिचयाचे झाले. त्यांच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे मात्र एका चिकट, काळपट मिश्रणाच्या संगतीत गेली.

हे मिश्रण समजून घेतले तर पुढची कथा समजते. घन इंधनात तीन मुख्य पदार्थ असतात. पहिला अमोनियम परक्लोरेट. हे मिठासारखे स्फटिक, जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन यातून मिळतो. मिश्रणाचा सर्वांत मोठा हिस्सा याचाच. दुसरी ॲल्युमिनियमची बारीक भुकटी. तिसरा रबरासारखा बहुवारिक पदार्थ, जो या दोघांना धरून ठेवतो आणि स्वतःही जळतो. लाडू वळताना पाक जमला नाही तर लाडू फुटतो, किंवा दगड होतो. इथेही सगळा खेळ पाकाचा. मिश्रण कणकेसारखे मळून, त्यातली हवा पूर्ण काढून, पोलादी नळकांड्यात ओतायचे आणि मधोमध पोकळी ठेवून बेताच्या उष्णतेवर दिवसेंदिवस घट्ट होऊ द्यायचे. आग लागते ती या पोकळीच्या आतल्या भिंतींना. किती पृष्ठभाग एका वेळी जळतो, त्यावर आतला दाब अवलंबून असतो. मिश्रणात एखादा बुडबुडा राहिला किंवा घट्ट होताना एक चीर पडली, की आगीला एकाएकी जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब वाढतो आणि नळकांडे फुटते. आत काय झाले हे पाहायला काही उरत नाही.

द्रव इंधनाचे इंजिन चालू करून, बंद करून, दुरुस्त करून पुन्हा चालवता येते. घन इंधनाला एकदा बत्ती दिली की परत नाही. म्हणून तीस किलोंकडून टनांकडे जाणे म्हणजे मोठे पातेले आणण्याइतके सोपे नव्हते. प्रत्येक टप्प्यावर नवे मिश्रण करायचे, ते जमिनीला जखडून जाळून पाहायचे, फुटले तर का फुटले याचा शोध घ्यायचा, असा तो क्रम होता. गोवारीकरांच्या प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि एम. आर. कुरुप यांच्या इंधन कारखान्याने हे काम पायरी-पायरीने पुढे नेले. रोहिणीचे व्यास वाढत गेले ते याच बळावर.

पूर्वेचा समुद्र

उपग्रह सोडायचा तर थुंबा चालणार नव्हते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. अग्निबाण पूर्वेकडे सोडला तर पृथ्वीच्या फिरण्याचा, सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेग, त्याला फुकट मिळतो. थुंबा पश्चिम किनाऱ्यावर, आणि त्याच्या पूर्वेला भरवस्तीचा तामिळनाडू. जळून सुटलेले भाग लोकांच्या डोक्यावर पाडता येत नाहीत. म्हणून पूर्व किनारा हवा होता. आंध्रच्या किनाऱ्यावर पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये श्रीहरिकोटा नावाचे लांबट बेट आहे. जागेच्या या दुसऱ्या शोधातही चिटणीसांचा हात होता. येथे राहत होते ते यानादी आदिवासी. त्यांनाही बेटावरच्या आपल्या जागा सोडाव्या लागल्या. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिला रोहिणी अग्निबाण उडाला.

दरम्यान १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली होती आणि उपग्रहवाहकाचे आराखडे कागदावर उतरत होते. साराभाईंनी अनेक आराखडे मागवले. त्यांतला तिसरा निवडला गेला, म्हणून नाव एसएलव्ही-३. चार टप्पे, चारही घन इंधनाचे. पहिला टप्पा जळून संपला की गळून पडायचा, मग दुसरा पेटायचा, असे करत चौथ्याने ४० किलोंपर्यंतचा उपग्रह कक्षेत ढकलायचा. चार टप्प्यांची जबाबदारी गोवारीकर, कुरुप, ए. ई. मुथुनायगम आणि कलाम यांच्यात वाटली गेली. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे त्रिवेंद्रमजवळ कोवळमला अकस्मात निधन झाले. वय अवघे बावन्न. पुढे इस्रोची सूत्रे प्रा. सतीश धवन यांच्याकडे आली, थुंब्याच्या केंद्राचे संचालक झाले डॉ. ब्रह्मप्रकाश, आणि एसएलव्ही-३ प्रकल्पाचे प्रमुख म्हणून कलाम यांची नेमणूक झाली.

हा अग्निबाण अमेरिकेच्या स्काउटसारखा दिसतो, असे तेव्हाही बोलले गेले आणि आजही बोलले जाते. साम्य आहे. स्काउटही चार टप्प्यांचा, घन इंधनाचाच. त्याची जाहीर झालेली माहिती आपल्या लोकांनी वाचली असणार यात नवल नाही. पण चित्र पाहून घराचा आराखडा काढता येतो, वीट भाजता येत नाही. पहिल्या टप्प्यात साडेआठ टनांहून अधिक इंधन. त्याचे पोलादी नळकांडे एक मीटर व्यासाचे आणि दहा मीटर लांबीचे. असे पोलाद वाकवून, जोडून, आतल्या प्रचंड दाबाला पुरेल इतक्या काटेकोरपणे तयार करायला देशातले कारखाने शिकले. यात साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी ओळखले जाणारे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरही होते. ज्या गावात उसाच्या रसाच्या कढया आणि चरक घडत, तेथे अग्निबाणाची नळकांडी घडू लागली. वरच्या टप्प्यांना पोलादाचे वजन परवडत नाही, म्हणून तेथे धागे आणि चिकट राळ गुंडाळून हलकी कवचे तयार केली गेली. कलामांचा चौथा टप्पा इतका आटोपशीर ठरला की फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने आपल्या दियामाँ अग्निबाणासाठी त्यात रस घेतला. पुढे फ्रान्सने दियामाँच रद्द केला. तरी ती मेहनत वाया गेली नाही. १९८१ मध्ये युरोपच्या एरियनमधून गेलेल्या ॲपल उपग्रहाला योग्य कक्षेत ढकलायला हाच टप्पा वापरला.

उसना उपग्रह

हा अग्निबाण घडत असताना आपल्या या भागात एक वेगळाच प्रयोग चालू होता, आणि या कथेशी त्याचा जवळचा संबंध आहे. साराभाईंना उपग्रह हवा होता तो खेड्यापाड्यांत शिक्षण आणि शेतीची माहिती पोचवायला. आपला उपग्रह नव्हता, म्हणून अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी मिळवला गेला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसले. त्यांत कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते, तसेच आंध्रात हैदराबादच्या आसपासची खेडी होती. या साऱ्या कार्यक्रमाची सूत्रे पुन्हा चिटणीसांकडेच होती.

ज्या गावांत रेडिओही मोजक्या घरांत होता, तेथे चावडीपुढे किंवा शाळेच्या पडवीत सारे गाव जमू लागले. वर्ष संपले, उपग्रह अमेरिकेने परत घेतला आणि त्याच्याकडून येणारे चित्र थांबले. यात अमेरिकेचा दोष काही नव्हता. ठरल्याप्रमाणे त्यांनी दिला आणि ठरल्याप्रमाणे नेला. पण उसन्या वस्तूचा हिशेब कसा असतो तो विजापूरच्या खेड्यांना दिसला, दिल्लीच्या फायलींनाही दिसला. १९७५ च्या एप्रिलमध्ये आर्यभट्ट हा आपला पहिला उपग्रह सोव्हिएत अग्निबाणातून गेला होता. उपग्रह बांधता येतो हे सिद्ध झाले होते. त्याला वर नेणारे वाहन मात्र अजून दुसऱ्याचेच होते.

तीनशे सतरा सेकंद

एसएलव्ही-३ उड्डाणासाठी श्रीहरिकोट्यात उभा राहिला तेव्हा त्याची उंची सुमारे २२ मीटर आणि वजन १७ टन होते. दुसऱ्या टप्प्याला हवेत दिशा देण्यासाठी लहान झोत सोडणारी यंत्रणा होती. तिच्यात लाल धूर सोडणारे जहाल नायट्रिक आम्ल भरलेले असे. या यंत्रणेची चाचणी चालू असताना एकदा आम्लाची टाकी फुटली आणि काम करणारी माणसे भाजली. त्यांना त्रिवेंद्रमच्या रुग्णालयात न्यावे लागले. अशा गोष्टी यशाच्या बातम्यांत येत नाहीत, म्हणून येथे मुद्दाम नोंदवल्या पाहिजेत.

१० ऑगस्ट १९७९ रोजी सकाळी अग्निबाण सुटला. पहिला टप्पा नीट जळला, नीट सुटला. दुसरा पेटला आणि डोलू लागला. दिशा देणारी यंत्रणा उत्तरच देईना. ३१७ सेकंदांनी, म्हणजे सव्वापाच मिनिटांनंतर, सारे काही श्रीहरिकोट्यापासून सुमारे ५६० किलोमीटरवर समुद्रात पडले. तपासात उघड झाले की उड्डाणाच्या काही मिनिटे आधी, घाण अडकल्यामुळे, एक झडप उघडीच राहिली होती आणि आम्ल गळून गेले होते. दुसरा टप्पा पेटला तेव्हा त्याला वळवायला आम्लच शिल्लक नव्हते. शेवटच्या मिनिटांत संगणकाने उड्डाण थांबवण्याची सूचना दिली होती, आणि तज्ज्ञांशी बोलून आपण पुढे जाण्याचा निर्णय घेतला, असे कलामांनीच नंतर अनेकदा सांगितले.

त्या दिवशी पत्रकारांसमोर कलाम जायचे नव्हते, गेले धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी इस्रोचा प्रमुख म्हणून स्वतःवर घेतली. हा प्रसंग आता शाळांच्या भाषणांतही येतो. पण त्याहून महत्त्वाचे घडले ते बंद खोल्यांत, उड्डाणाच्या नोंदींवर वाकलेल्या माणसांमध्ये. दोष कोणत्या झडपेत, कोणत्या सेकंदाला, कशाने झाला, हे त्यांनी स्वतः शोधून काढले. अग्निबाण विकत आणला असता तर तो पडल्यावर कारण शोधायला विकणारा आला असता, आणि त्याला सोयीचे तेवढे कारण त्याने सांगितले असते. येथे प्रत्येक झडप कोणी बसवली, कोणी तपासली, इंधनाचा कोणता घाणा कधी मळला, याची नोंद आपल्याच वहीत होती. विचारायचे ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. सतरा वर्षांत ‘आपला’ या शब्दाचा जो अर्थ तयार झाला तो हा. अग्निबाण पडला, तर तो का पडला हे सांगणारेही आपलेच होते.

पस्तीस किलो

झडपांची आणि आम्लाची व्यवस्था बदलली गेली. या मधल्या काळात थुंब्याच्या केंद्राची धुरा गोवारीकरांकडे आली होती. पहिल्या उड्डाणानंतर अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३ मिनिटांनी, दुसरा एसएलव्ही-३ सुटला. चारही टप्पे ठरल्याप्रमाणे जळले आणि ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. या वेळी पत्रकारांना सामोरे जायला धवनांनी कलामांना सांगितले.

सतरा टनांच्या अग्निबाणाने नेले किती, तर ज्वारीच्या एका पोत्याच्या निम्म्याहून कमी वजन. पुष्कळ वर्तमानपत्रांनी भारत हा सहावा देश असल्याचे लिहिले, आणि आजही तसेच छापले जाते. नीट मोजले तर सोव्हिएत संघ, अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन आणि ब्रिटन यांच्यानंतर तो सातवा. ब्रिटनने ऑक्टोबर १९७१ मध्ये ब्लॅक ॲरो नावाच्या अग्निबाणाने आपला उपग्रह सोडला, पण उड्डाण व्हायच्या आधीच ती योजना बंद करण्याचा निर्णय झालेला होता. त्यामुळे मोजदादीत ब्रिटन कधी धरले जाते, कधी नाही. काँग्रेव्हच्या देशाने हा उद्योग सोडून दिला आणि टिपूच्या देशाने तो नेटाने चालू ठेवला, हा इतिहासाचा एक लहानसा विनोदच म्हणायचा.

यशाने सारे सुटले असेही नव्हे. ३१ मे १९८१ च्या तिसऱ्या उड्डाणात उपग्रह हव्या त्या उंचीवर पोचला नाही आणि नऊ दिवसांत जळून गेला. १७ एप्रिल १९८३ चे चौथे उड्डाण यशस्वी झाले आणि एसएलव्ही-३ निवृत्त झाला. त्याच्या पुढच्या अवतारालाही, एएसएलव्हीला, १९८७ आणि १९८८ मध्ये लागोपाठ अपयश आले. १९९३ मध्ये पहिला पीएसएलव्ही समुद्रात गेला. १५ ऑक्टोबर १९९४ ला दुसरा कक्षेत पोचला आणि त्यानंतर तो इस्रोच्या नित्याच्या कामाचा वाहक बनला. दूरदर्शनचे जाळे देशभर पसरवणारा इन्सॅट-१बी मात्र १९८३ मध्ये अमेरिकी अवकाशयानातूनच गेला होता, आणि दळणवळणाचे मोठे उपग्रह पुढे कैक वर्षे युरोपच्या एरियनमधून जात राहिले. तीन टनांहून जड असा जीसॅट-१९ आपल्याच अग्निबाणाने गेला तो ५ जून २०१७ रोजी. विजापूरच्या चावडीवरचा पडदा रिकामा झाला होता त्याला तोवर चाळीसहून अधिक वर्षे झाली होती.

या कथेला एक दुसरी बाजूही आहे. एसएलव्ही-३ चा पहिला टप्पा २२ मे १९८९ रोजी अग्नी क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीत वापरला गेला. कलाम तोवर हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत गेले होते. शेतीची आणि शाळेची भाषा बोलत सुरू झालेल्या कामातून संरक्षणाचे अस्त्र निघाले. जगातल्या बहुतेक देशांत क्रम याच्या उलट होता. त्यांचे उपग्रहवाहक क्षेपणास्त्रांतून जन्मले. पण बाहेरच्यांना क्रमाचे काय? १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले आणि १९९३ मध्ये रशियाने अतिशीत इंजिनाची विद्या देण्याचे नाकारले. ते इंजिनही मग येथेच तयार करावे लागले. आपल्या अतिशीत इंजिनासह जीएसएलव्ही यशस्वी झाला तो ५ जानेवारी २०१४ रोजी. पुन्हा तोच हिशेब : उसने मिळाले तर देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि स्वतः केले तर वीस वर्षे.

नावे आणि न आलेली नावे

गोवारीकर २ जानेवारी २०१५ ला गेले आणि कलाम त्याच वर्षी २७ जुलैला. चिटणीस शंभरी गाठून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात निवर्तले. कोल्हापूर, पुणे, बडोदा येथून निघालेल्या या मराठी माणसांनी उमेदीची वर्षे घालवली ती मल्याळी किनाऱ्यावर, आंध्रच्या बेटावर आणि गुजरातच्या प्रयोगशाळांत. दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना त्याचे फारसे आश्चर्य वाटू नये. त्यांचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण थुंब्याचे काम मराठी माणसाचे, किंवा तामिळ माणसाचे, असे वाटे पाडू गेलो तर ते कोणाच्याच हाती लागत नाही. घन इंधनाचा पाक एकाने जमवला, नळकांडे दुसऱ्याने घडवले, झडपेचा दोष तिसऱ्याने शोधला.

आणि काही नावे कोणत्याच यादीत नाहीत. ज्यांनी आपले चर्च आणि घरे सोडली ते थुंब्याचे कोळी, ज्यांच्या जागा गेल्या ते श्रीहरिकोट्याचे यानादी, आम्लाने भाजलेले तंत्रज्ञ. उड्डाणाच्या दिवशी दूरदर्शनवर उलटगणती सुरू होते तेव्हा घरातली पोरे पडद्याला चिकटून बसतात. त्यांना अठरा जुलैचे ते पस्तीस किलो सांगावेत. त्याआधीचे तीनशे सतरा सेकंदही सांगावेत, आणि ती झडप का उघडी राहिली तेही. हा अग्निबाण आपला कसा झाला, हे त्या झडपेच्या गोष्टीवरून त्यांना चांगले समजेल.